पोहोच मिळाली, पत्र मात्र पोहोचले नाही

जून महिन्याचा दुसरा आठवडा. एका विद्यार्थिनी-वसतिगृहाच्या कार्यालयात सकाळीच एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. पहाटेची एस. टी. धरून ते तालुक्याच्या गावाहून निघाले होते. चिटणीसांनी बसायला सांगताच गृहस्थ म्हणाले, “साहेब, एप्रिलच्या अखेरीस तुमच्या वेबसाइटवर हिने फॉर्म भरला होता. दीड महिना वाट पाहिली. जागा नसेल तर नसेल, पण एका शब्दाने कळवायचं होतं.”

चिटणीसांनी चौकशीची वही चाळली, कार्यालयाची ई-मेल पेटी उघडून पाहिली. त्या नावाचे काहीच आलेले नव्हते. “तुमचा अर्ज आमच्यापर्यंत आलाच नाही,” असे ते सांगू लागले, तेव्हा मुलीने निमूटपणे आपला मोबाइल पुढे केला. फॉर्म पाठवल्यानंतर उमटलेला संदेश तिने जपून ठेवला होता : ‘धन्यवाद! आपला संदेश आम्हांस मिळाला आहे. लवकरच संपर्क साधू.’

वसतिगृहातील सर्व जागा तोवर भरल्या होत्या. चिटणीसांना उत्तर सुचेना. संस्थेच्या नावाने कोणीतरी ‘मिळाले’ असे लिहून दिले होते आणि संस्थेला त्याचा पत्ताच नव्हता.

एका संदेशाचा प्रवास

आज बहुतेक लहानमोठ्या संस्थांचे संकेतस्थळ असते आणि त्यावर ‘संपर्क’ नावाचे एक पान असते. नाव, दूरध्वनी, ई-मेल, संदेश अशा चार चौकटी आणि खाली ‘पाठवा’ हे बटण. वेबपानांची भाषा असलेल्या एचटीएमएलच्या १९९५ च्या प्रमाणित आवृत्तीतही अशा फॉर्मची सोय होती. वापरणाऱ्याला वाटते, बटण दाबले की संदेश थेट समोरच्याच्या हाती पडला. प्रत्यक्षात त्याला तीन मुक्काम करावे लागतात.

पहिला मुक्काम वाचकाच्या ब्राउझरचा. चौकटी नीट भरल्या आहेत की नाहीत, हे तेथे पाहिले जाते. दुसरा मुक्काम संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते त्याचा. तेथील आज्ञावली भरलेल्या माहितीचे एक ई-मेल तयार करते आणि टपालव्यवस्थेच्या स्वाधीन करते. तिसरा मुक्काम कार्यालयाच्या ई-मेल पेटीचा. आभाराचा संदेश दुसऱ्या मुक्कामावरच उमटतो. पत्र पेटीत टाकले, एवढाच त्याचा अर्थ. ते योग्य घरी पडले की नाही, हे त्या आज्ञावलीला ठाऊक नसते. ‘आपला संदेश मिळाला आहे’ हे वाक्य म्हणूनच अनेकदा खरे नसते, आणि खोटे बोलण्याचा हेतू कोणाचाही नसतो.

परक्याच्या सहीचे पत्र

वसतिगृहाची एक माजी विद्यार्थिनी आता संगणक अभियंता आहे. चिटणीसांनी तिला त्याच दुपारी बोलावले. तिने पहिला प्रश्न विचारला, “काका, फॉर्मवरून आलेलं शेवटचं पत्र कोणत्या तारखेचं आहे?” ते जानेवारीतले निघाले. “मग जानेवारीत काय बदललं?”

बदलले होते ते एवढेच : कार्यालयाची ई-मेल पेटी. तोवर ती संकेतस्थळाच्याच सर्व्हरवर होती, जागा अपुरी पडू लागल्याने ती जीमेलवर नेली गेली. फॉर्ममधला पत्ताही आठवणीने बदलला होता. पण पूर्वी फॉर्मचे पत्र घरातल्या घरात फिरत होते, ते आता उंबरठा ओलांडून बाहेर जाऊ लागले, आणि बाहेर ओळख विचारली जाते.

फॉर्म तयार करणाऱ्याने एक सोय केली होती. ‘प्रेषक’ या जागी फॉर्म भरणाऱ्याचाच ई-मेल पत्ता जावा, म्हणजे ‘उत्तर द्या’ दाबले की उत्तर थेट त्याला जाईल. वरवर ही सोय सुंदर आहे. परंतु त्यामुळे संस्थेचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने सही करून पत्र टाकतो, असे चित्र उभे राहते.

ई-मेल पोहोचवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ मध्ये ठरली, तेव्हा प्रेषक खरा की तोतया हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. पुढे फसवणूक वाढली, तसे पहारे बसले. एसपीएफ म्हणजे ‘आमच्या डोमेनची पत्रे कोणकोणत्या सर्व्हरवरून निघतील’ याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची अदृश्य मोहोर. डीमार्क म्हणजे या दोन्ही कसोट्यांना न उतरलेल्या पत्राचे काय करावे, याची सूचना. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने अशी पत्रे सरळ नाकारण्याची सूचना जाहीर केली आणि फॉर्म भरणाऱ्याच्या पत्त्याने पत्र पाठवणाऱ्या अनेक संकेतस्थळांची पत्रे एकाएकी अडली. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनेही आपल्याकडे पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक आवश्यक केले.

वसतिगृहाची काही पत्रे दारातूनच परत गेली असावीत. परतीच्या सूचना सर्व्हरच्या ज्या खात्यावर जात होत्या, ते कोणी उघडतच नव्हते. काही पत्रे स्पॅमच्या कप्प्यात पडली. अभियंता मुलीने तो कप्पा उघडला तेव्हा फॉर्मवरून आलेली अकरा पत्रे तेथे पडून होती. जीमेलमध्ये स्पॅममधील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात. एप्रिलच्या अखेरीस भरलेला फॉर्म तेथे आला असला, तरी तो केव्हाच नाहीसा झालेला होता. जानेवारीपासून आणखी कोणी कोणी लिहिले होते, हे आता कोणालाच कळणार नव्हते, कारण संकेतस्थळावर त्यांची प्रत ठेवलेलीच नव्हती.

दुरुस्ती

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. प्रेषकाच्या जागी संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवला. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’ या वेगळ्या जागी ठेवला, त्यामुळे उत्तर त्यालाच जाण्याची सोय कायम राहिली. सर्व्हरच्या साध्या टपालव्यवस्थेऐवजी एसएमटीपीद्वारे, म्हणजे नाव व परवलीचा शब्द देऊन, पत्र पाठवण्याची व्यवस्था केली. डोमेनच्या डीएनएस नोंदींमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम यांची भर घातली. आणि प्रत्येक भरलेल्या फॉर्मची प्रत संकेतस्थळाच्या माहितीसाठ्यात राहील, असे केले. वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळांनी येथे विशेष लक्ष द्यावे. ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे तेथील प्रसिद्ध प्लगइन संदेश केवळ ई-मेलने पाठवते, स्वतः साठवत नाही. साठवणीसाठी त्याच निर्मात्याचे ‘फ्लमिंगो’ हे प्लगइन सोबत बसवावे लागते. प्रत असेल तर पत्र वाटेत हरवले तरी माणूस हरवत नाही.

लक्षणावरून निदान

प्रत्येक बिघाड असाच नसतो. वैद्य जसा आधी लक्षणे विचारतो, तसे येथेही केल्यास वेळ वाचतो.

बटण दाबूनही काहीच हालत नसेल, तर दोष बहुधा पहिल्या मुक्कामावर असतो. नुकत्याच अद्ययावत केलेल्या एखाद्या प्लगइनची आज्ञावली फॉर्मच्या आज्ञावलीत अडथळा आणत असते. प्लगइन एकेक करून बंद करून पाहावे, आणि शक्य असल्यास हा प्रयोग संकेतस्थळाच्या प्रतीवर करावा. संकेतस्थळ वेगवान व्हावे म्हणून पानांची साठवलेली प्रत दाखवली जाते, तिचाही त्रास होतो. वर्डप्रेसमध्ये फॉर्मसोबत जाणारी सुरक्षाखूण फार तर २४ तास चालते. पान त्याहून शिळे असेल तर खूण अमान्य होऊन फॉर्म नाकारला जाऊ शकतो. संपर्काचे पान या साठवणीतून वगळणे हा सोपा उपाय आहे.

‘संदेश पाठवता आला नाही’ असे लाल अक्षरांत येत असेल, तर एसएमटीपीची माहिती तपासावी. बहुतेक ठिकाणी ५८७ किंवा ४६५ क्रमांकाचे पोर्ट लागते. गूगलचे खाते वापरत असल्यास नेहमीचा परवलीचा शब्द चालत नाही. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की तो रद्द होतो, हे पदाधिकारी बदलताना हमखास विसरले जाते.

पत्र येते पण त्यातील मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात, अशी तक्रार असेल तर अक्षरसंकेत यूटीएफ-८ नाही, असे समजावे. पत्रातील एखादी चौकट नेहमी रिकामी येत असेल, तर फॉर्ममधील चौकटीचे नाव आणि पत्राच्या नमुन्यातील नाव जुळत नाही.

आभार उमटतात आणि पत्र येत नाही, हे लक्षण मात्र वसतिगृहासारखेच. तेथे प्रथम स्पॅमचा कप्पा, मग प्रेषकाचा पत्ता, मग डीएनएसच्या नोंदी, या क्रमाने पाहावे.

फॉर्म मांडताना

बिघडलेला फॉर्म सुधारण्यापेक्षा तो मुळातच विचारपूर्वक मांडणे बरे. त्यात विचारायचे तेवढेच विचारावे. चौकशीच्या फॉर्मला जन्मतारीख, उत्पन्न, आधार क्रमांक यांची गरज नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा हेच सांगतो : माहिती कशासाठी हवी हे स्पष्ट सांगावे आणि संमती घ्यावी. हा कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो व तिच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवतो. विद्यार्थ्यांशी संबंध असलेल्या संस्थांनी तर पालकाचे नाव व दूरध्वनी यांनाच पहिले स्थान द्यावे.

गावाकडचा माणूस नाव देवनागरीत लिहितो. नावाच्या चौकटीत केवळ इंग्रजी अक्षरे चालतील असा नियम असेल, तर तो फॉर्म त्याला स्वतःचे नाव चुकीचे असल्याचे सांगतो. दूरध्वनीच्या चौकटीत देवनागरी अंक, मधली मोकळी जागा, आधीचे शून्य किंवा +९१ यांपैकी काहीही आले तरी स्वीकारावे आणि शुद्धीकरण सर्व्हरवर करावे. ई-मेलची चौकट अनिवार्य करू नये. अनेक घरांत मोबाइल आहे, पण ई-मेल पाहण्याची सवय नाही.

जाहिरातबाजांच्या यांत्रिक संदेशांना आवर घालण्यासाठी ‘कॅप्चा’ वापरतात. चित्रांतील वाहने आणि सिग्नल ओळखणे वयस्कांना जड जाते. त्याआधी ‘हनीपॉट’ ही युक्ती करून पाहावी : माणसाला न दिसणारी एक जादा चौकट ठेवायची. यंत्र ती भरते आणि पकडले जाते, माणसाला कसलाही त्रास होत नाही.

महिन्यातून एकदा

पूर्वी पत्र लिहिताना उत्तराची खात्री हवी असेल तर जोडकार्ड पाठवत. अर्धे कार्ड वाचायचे, अर्धे उत्तर लिहून परत टाकायचे. समोरच्याने उत्तर द्यावे, ही अपेक्षा त्या कार्डातच शिवलेली असे. संपर्क फॉर्मही असेच एक जोडकार्ड आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग संस्थेच्या हाती असतो.

म्हणून वसतिगृहाने आता तीन नियम केले आहेत. प्रत्येक महिन्याच्या १ तारखेला संस्थेबाहेरच्या दोन वेगवेगळ्या ई-मेल पत्त्यांवरून फॉर्म भरून पाहायचा आणि तो आल्याची नोंद वहीत करायची. फॉर्मचे पत्र एकाच व्यक्तीकडे न जाता चिटणीस आणि गृहपाल दोघींकडे-दोघांकडे जाईल, असे ठेवायचे. आणि आभाराचा मजकूर बदलायचा. आता तेथे लिहिले आहे : ‘आपला संदेश नोंदवला आहे. ४ दिवसांत उत्तर न आल्यास कृपया दूरध्वनी करावा.’ खाली कार्यालयाचा क्रमांक आणि वेळ दिलेली आहे.

त्या दिवशी स्पॅममध्ये सापडलेल्या अकराही जणांना संध्याकाळपर्यंत दूरध्वनी गेले. त्यांतील चार विद्यार्थिनींच्या पालकांना जागा भरल्याचेच सांगावे लागले. “कळवलंत, बरं झालं,” असे त्यांतील एक आई म्हणाली.

सकाळी आलेले गृहस्थ आणि त्यांची मुलगी तोवर कार्यालयातच होते. चिटणीसांनी त्यांना जेवू घातले आणि त्यांच्यासमोर बसून शहरातील इतर वसतिगृहांना एकेक करून दूरध्वनी लावले. दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणाहून सांगण्यात आले की एक जागा कदाचित रिकामी होईल, उद्या सकाळी मुलीला घेऊन या. चिटणीसांनी पत्ता, भेटायच्या व्यक्तीचे नाव आणि वेळ एका कागदावर लिहून मुलीच्या हाती दिली. मग थोडे थांबून कागद परत घेतला आणि खाली स्वतःचा क्रमांक लिहिला. म्हणाले, “बाळ, उद्या काय झालं ते मला फोन करून सांग. आणि मी उचलला नाही, तर पुन्हा कर.”