स्तन्य, पूरके आणि आपला विवेक

स्तन्य हा रसधातूचा उपधातू. म्हणून मातेचा आहार आपल्या शास्त्रात कधीच गौण नव्हता. तथापि सर्व पूरके दुधात सारखी उतरत नाहीत. लोह वा कॅल्शियम घेतल्याने दुधातील त्यांचे प्रमाण फारसे बदलत नाही. बी-१२ व आयोडीनची उणीव मात्र दुधातही येते. म्हणून कडा परिसरातून ऊसतोडीस जाणाऱ्या बाळंतिणीस केवळ शतावरी कल्प देऊन वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी समाधान मानू नये. प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या शासकीय लोहगोळ्या ‘दुधाला बाधतात’ म्हणून बंद करवू नयेत. त्या तिची स्वतःची झीज भरून काढण्यासाठी आहेत. दूधदुभते व मांसाहार दोन्ही दुर्मिळ असल्यास बी-१२चा विचार अवश्य व्हावा. दूध वाढविण्याआधी माता सावरावी, हाच खरा स्तन्यविचार होय.