यमन, डिस्को आणि जपानी यंत्रे

या महिन्यात दोन तबकड्या विकत घेतल्या. एक चरणजीत सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ आणि दुसरी ‘द एनआयडी टेप्स’. दोन्ही इलेक्ट्रॉनिक संगीताच्या, दोन्ही आपल्या देशात घडलेल्या. किंमत घरी सांगण्यासारखी नाही, पण ऐकल्यावर जे सुचले ते सांगण्यासारखे आहे.

चरणजीत सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. गिटार, बेस आणि पुढे सिंथेसायझर वाजवणारे. पडद्यावर ज्यांचे नाव येत नाही, पण ज्यांच्या बोटांशिवाय गाणे उभे राहत नाही, अशांपैकी एक. १९८० च्या ‘कुर्बानी’नंतर डिस्कोची लाट आली होती. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन जपानी यंत्रे समोर मांडली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालाचे यंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचे यंत्र. त्यावर ललत, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. तबकडी फारशी कुणी घेतली नाही.

पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने त्याच टीबी-३०३ वर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढले आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा प्रकार जगभर गाजला. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने चरणजीत यांची तबकडी पुन्हा छापली, तेव्हा सगळे चकित झाले : हे तर मुंबईत पाच वर्षे आधीच झाले होते! मग आपल्याकडेही ‘अ‍ॅसिड हाउसचा जनक भारतीय’ असे अभिमानाने सांगणे सुरू झाले.

हा अभिमान मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती, असा काही पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन शहरांत दोन वाटा निघाल्या, एवढेच. चरणजीत यांचे मोठेपण ‘आधी कोण’ या शर्यतीत नाही. ते ऐकण्यात आहे. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेले ते यंत्र. या हाताला त्यात मींड दिसली.

मी मुलांना गझल शिकवतो तेव्हा सांगतो की रदीफ प्रत्येक शेरात तीच येते, म्हणूनच काफिया बदलला की मजा येते. इथला ताल तसाच आहे. तो तसूभर हलत नाही, आणि त्यावर यमनचा तीव्र मध्यम आला की तो नेहमीपेक्षा अधिक लखलखीत वाटतो. सगळेच जमले आहे असे मात्र नाही. तोडीला निवांतपणा लागतो, तो या धावत्या तालात मिळत नाही. आलापाला तर जागाच नाही.

दुसरी तबकडी अगदी वेगळी. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत त्यावर काम केले. काही तुकडे विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीसारखे आहेत, खोडलेलेही दिसते. मला ते आवडले. या फितींचा शोध ब्रिटिश संगीतकार पॉल पुर्गास यांनी घेतला आणि २०२३ मध्ये त्या तबकडीवर आल्या.

संस्थेत झाले त्याला आपण सहज ‘प्रयोग’ म्हणतो. पोटासाठी वाजवणाऱ्या वादकाने केले तर ‘डिस्को’. ही वर्गवारी मला खटकते. उर्दूच्या शिक्षकाला ‘ही भाषा नक्की कुणाची?’ हा प्रश्न वरचेवर ऐकावा लागतो, म्हणून असेल कदाचित. राग इथले, यंत्रे जपानची, ठेका अमेरिकेतून आलेला. मग संगीत कुणाचे? ज्याने ते मन लावून वाजवले त्याचे.

आणखी एक गोष्ट बोचते. दोन्ही ठेवे बाहेरच्यांनी येऊन उघडले. चरणजीत यांना निदान हयातीत दाद मिळाली. २०१५ मध्ये ते गेले. आपल्या कपाटांत आजही मुशायऱ्यांच्या, कव्वालीच्या, गावच्या कलापथकांच्या कॅसेट पडून आहेत. त्यावर ना नाव, ना साल. मुंबईच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. या सुट्टीत घरातल्या कॅसेट काढा, आवाज ओळखणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून नावे लिहा, आणि ऐकू येते आहे तोवर ते संगणकावर उतरवून घ्या.