उपासनेचे दार आणि प्रश्नाचा अधिकार

तरुण पिढी धर्मस्थानाकडे पाठ फिरवीत आहे, ही तक्रार आज जगातील जवळजवळ सर्वच धर्मांच्या धुरीणांच्या तोंडी आहे. ख्रिस्ती समाजातील अनेक पंथांनी तिच्यावर एक उपाय योजिला. त्यांनी तरुणांसाठी निराळी प्रार्थनासभा सुरू केली. तेथे ऑर्गनची जागा गिटारने व ड्रमने घेतली, पाद्रीसाहेबांचा झगा गेला आणि भिंतीवर रंगीत चित्रे उमटू लागली. अशा सभा आता मुंबई-पुण्यातही भरतात. आपल्या घरांतील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना मित्रांनी तेथे बोलाविले, तर त्यांनी जावे काय?

जाण्यास आमची ना नाही. दुसऱ्याची उपासना आदराने पाहणे हे सुसंस्कृत मनाचे लक्षण आहे. परंतु तेथे काय पाहावे हे ज्यास ठाऊक नाही, तो डोळे असून आंधळा परत येतो. याचा एक बोलका दाखला इंग्लंडातील शेफील्ड शहरात घडला.

शेफील्ड हे पोलादाचे शहर. तेथील कारखाने बंद पडून हजारो कामगार बेकार झाले होते. अशा काळात, १९८६ साली, तेथील एका चर्चमध्ये रविवारी रात्री नऊ वाजता तरुणांची उपासना सुरू झाली. ‘नाइन ओ’क्लॉक सर्व्हिस’ हेच तिचे नाव. नृत्यगृहातील संगीत, अंधार, झगझगीत दिवे आणि पडद्यावरील चित्रे यांनी ती सभा भारून जाई. पृथ्वीचे रक्षण, गरिबी, विषमता यांविषयी तेथे बोलले जाई. चर्चकडे न फिरकणारी तरुण माणसे शेकड्यांनी येऊ लागली. मग धर्माधिकारीही ती सभा पाहण्यास आले आणि भविष्यकाळातील उपासनेचा नमुना म्हणून तिचे कौतुक करू लागले. तिचा पुढारी क्रिस ब्रेन यास पुरोहितपदाची दीक्षा देण्याची घाई करण्यात आली.

पाहुण्यांनी दिवे पाहिले, गर्दी पाहिली. पुढाऱ्याच्या घरी अनुयायी स्त्रिया का राबतात, हे मात्र कोणी विचारले नाही. १९९५ साली त्या स्त्रियांच्या तक्रारी उघडकीस आल्या आणि सभा बंद पडली. पुढे तीस वर्षांनी, २०२५ साली, लंडनच्या न्यायालयात ब्रेन स्त्रियांच्या विनयभंगाच्या १७ आरोपांत दोषी ठरला. अन्य काही आरोप सिद्ध झाले नाहीत. न्यायासाठी तीस वर्षे! ज्या मुली त्या सभेत विशीत शिरल्या, त्यांच्या पदरी न्याय पडला तो पन्नाशीत. हा दोष संगीताचा होता काय? नव्हे. ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक होता, त्याला जाब विचारणारा कोणी नव्हता, हा तो दोष होता.

याच्या शेजारी दुसरे स्थान ठेवून पाहा. फ्रान्समधील तेझे या खेड्यात ब्रदर रॉजर यांनी १९४० साली एका मठाची पायाभरणी केली. आजही उन्हाळ्यात दर आठवड्यास तेथे हजारो तरुण येतात. दिवसातून तीनदा प्रार्थना होते. एकच लहानसे पद अनेक भाषांत पुन्हा पुन्हा गाइले जाते आणि मध्ये काही मिनिटे सर्वजण निःशब्द बसतात. मठातील बंधू स्वतःसाठी देणगी घेत नाहीत. मातीची भांडी घडवून, पुस्तके छापून ते आपले पोट भरतात. तेही स्थान निष्कलंक नव्हते. काही बंधूंविरुद्ध पूर्वीच्या दशकांतील लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी होत्या. परंतु २०१९ साली मठाच्या प्रमुखांनी स्वतःच त्या जाहीर केल्या आणि सरकारी वकिलांना कळविल्या. कलंक कोणत्याही संस्थेस लागू शकतो. तो झाकला जातो की उजेडात आणला जातो, यावरून तिची परीक्षा होते.

म्हणून पाहुणा म्हणून जाणाऱ्या तरुणाने चार गोष्टी विचाराव्यात. पैशाचा हिशेब कोण तपासतो? पुढाऱ्याविरुद्धची तक्रार कोण ऐकतो, आणि तो पुढाऱ्याच्या मुठीबाहेरचा आहे काय? सोडून गेलेल्या माणसाविषयी तेथे कसे बोलले जाते? आणि स्त्रियांना निर्णयात हात आहे, की केवळ कामात? ही उत्तरे जेथे मोकळेपणाने मिळतात, तेथील गाण्याचा आनंद खुशाल घ्यावा. विचारणाऱ्यासच जेथे अश्रद्ध ठरविले जाते, तेथून निघून यावे.

गाण्याने मन हेलावते, डोळे पाणावतात, आणि त्याच घटकेस आयुष्याचा निर्णय मागितला जातो. अशा वेळी आपल्या मुलांना आपलाच इतिहास आठवला पाहिजे. येवल्यास १९३५ साली घोषणा झाली. नागपुरास दीक्षा झाली ती १९५६ साली. बाबासाहेबांनी मधली एकवीस वर्षे धर्माची पारख करण्यात घालविली. एकवीस वर्षांच्या विचाराने मिळालेली वस्तू एका रात्रीच्या गाण्यावर कोणी सोडू नये, आणि दुसऱ्यासही एका रात्रीत घ्यावयास सांगू नये.

आणि बंधुभगिनींनो, हे चार प्रश्न केवळ परक्याच्या दारी विचारावयाचे नाहीत. आपल्या विहाराच्या कमिटीसही ते विचारा. आपल्या मुलाने भर सभेत हिशेब मागितला, आपल्या मुलीने तक्रार मांडली, तर तिला खाली बसविले जाते की तिचे ऐकले जाते? ज्या विहारात तिचे ऐकले जाईल, त्या विहारात तरुणांना आणण्यासाठी झगझगीत दिव्यांची गरज पडणार नाही.