माती की गादी: उत्तर आंदळकरांनी दिलेले आहे

हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांचा जन्म 15 एप्रिल 1935 रोजी शिराळा तालुक्यातल्या पुनवत गावी झाला. घडण मात्र कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीतली, तांबड्या मातीतली. 1960 मध्ये पंजाबच्या खडकसिंगला हरवून त्यांनी हिंदकेसरीची गदा मिळवली आणि लोकांच्या मनात ते त्या गदेसहच राहिले. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे.

त्यांचा सर्वांत अवघड पराक्रम जकार्ताचा. 1962 च्या आशियाई स्पर्धेत 97 किलोंवरील गटात त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकले. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात घालता येत नाही, पायाने डाव टाकता येत नाही. पट काढणे बंद, टांग मारणे बंद. मातीतल्या मल्लाची निम्मी विद्या बाजूला ठेवून, केवळ छाती-खांद्यांच्या ताकदीवर आणि कमरेवरच्या पकडीवर ते सुवर्ण आले. ऑलिंपिकमध्ये या प्रकारात भारताला अजून एकही पदक नाही, हे लक्षात घेतले की त्याचे मोल कळते. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते दोन्ही प्रकारांत हेवीवेट गटात उतरले. अर्जुन पुरस्कारही त्याच वर्षीचा.

तालमींत 'माती की गादी' हा वाद अजून घातला जातो. गादी म्हणजे मॅट आली की परंपरा बुडाली, असे एक बाजू म्हणते. मातीत पदके पिकत नाहीत, असे दुसरी. मातीत घडून मॅटवर सुवर्ण जिंकणाऱ्या आंदळकरांची कारकीर्द दोघांनाही खोडून काढते. वस्ताद म्हणून त्यांनी घडवलेल्या मल्लांत दादू चौगुले आहेत, तसाच सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा बाला रफिक शेखही आहे. डिसेंबर 2018 मध्ये जालन्यात माती विभागातून आलेल्या बालाने गादी विभागाच्या अभिजित कटकेला 11-3 असे हरवले आणि महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. वस्ताद आंदळकर त्याच वर्षी 16 सप्टेंबरला गेले होते. शिष्याची ती गदा पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

म्हणून सोलापूर जिल्ह्यातील तालमींना शासनाने मॅट जरूर द्यावी, पण ती आखाड्यातली माती उपसून अंथरली जाऊ नये. सकाळी माती आणि संध्याकाळी मॅट असा सराव एकाच तालमीत होऊ शकतो. आणि आंदळकरांच्या तसबिरीखाली 'हिंदकेसरी, 1960' या ओळीसोबत 'जकार्ता 1962, ग्रीको-रोमन सुवर्ण' ही ओळही लिहिली जावी.

– एक कुस्तीप्रेमी वाचक, सोलापूर