निर्धूम शेगडी

पुढील खेपेस न्हाणीघराकडे वळूं, असें आश्वासन गेल्या अंकांत वाचकांस दिलें होतें. तें या वेळीं अंशतःच पाळतां येईल. कारण मध्यंतरीं एक प्रसंग असा घडला कीं, तो सांगितल्यावांचून दुसरें कांहीं लिहावें असें मनास वाटेना.

पौष महिन्यांत मी माझ्या भाच्याकडे निफाडाजवळ चार दिवस राहावयास गेलों होतों. तिकडची थंडी मुंबईच्या लोकांस सांगून खरी वाटत नाहीं. कांहीं वर्षीं पारा ५ अंशांच्याही खालीं उतरतो, आणि द्राक्षांचे घड वांचविण्यासाठीं मळ्यांतून पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. घरांत माझी वडील बहीण आक्का, वय ८१. थंडीनें तिचे गुडघे आखडतात म्हणून भाच्यानें मोठ्या हौसेनें शहरांतून गॅसचा हीटर आणला होता. चाकांवर फिरणारें पत्र्याचें कपाटच तें. पोटांत गॅसची टाकी, आणि पुढें जाळीच्या आड तापून लाल होणाऱ्या तीन पट्ट्या. "धूर नाहीं, वास नाहीं, काळजी नाहीं," असें दुकानदारानें सांगितलेलें. आक्काची खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तितकीच उंच. वारा लागूं नये म्हणून खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या, दारास आंतून जाड पडदा. आजीच्या कुशींत नऊ वर्षांची नात निजते. हीटर रात्रभर चालूं.

मी गेलों त्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आजी व नात दोघींचेंही डोकें दुखत होतें, आणि तोंडास पाणी सुटून मळमळत होतें. आदल्या रात्रींच्या वांग्याच्या भरतावर ठपका आला. सुनेनें आल्या-लिंबाचा रस दिला. दोघी ओटीवर उन्हांत बसल्या आणि दुपारपर्यंत बऱ्या झाल्या. भरीत आम्हीं सर्वांनींच खाल्लें होतें, ही गोष्ट कोणाच्याही ध्यानांत आली नाहीं, माझ्याही नाहीं. तिसऱ्या दिवशीं पहाटे मुलगी उठून चालूं लागली ती उंबरठ्यावर कोसळली. आक्का तीन हाकांनीं जागी होईना. भाच्यानें धांवत जाऊन, २०२० च्या साथींत घेऊन ठेविलेलें तें बोटास लावावयाचें यंत्र आणलें. आंकडा आला ९८. "मामा, प्राणवायूचें प्रमाण ठीक आहे. घाबरण्याचें कारण नाहीं," असें तो म्हणाला, आणि त्याच क्षणीं माझी दृष्टि खिडकीच्या कांचांकडे गेली. त्यांवरून पाण्याचे ओघळ वाहात होते.

मीं हीटर बंद केला, चिंध्या ओढून काढल्या, आणि दोघींना उचलून ओटीवर आणविलें. तालुक्याच्या दवाखान्यांत त्यांना मुखवट्यानें प्राणवायु दिला गेला. रक्त तपासून डॉक्टरांनीं जें निदान केलें तेंच माझ्या मनांत आलें होतें. पण त्यांत माझें चातुर्य नव्हे. जानेवारी २०२० मध्यें नेपाळांत दामन नांवाच्या थंड डोंगराळ ठिकाणीं सहलीस गेलेले केरळांतील आठ प्रवासी एकाच खोलींत बेशुद्ध आढळले आणि दगावले. दोन कुटुंबें, त्यांत चार मुलें. दारें-खिडक्या बंद होत्या आणि खोलींत गॅसचा हीटर होता. तें वृत्त वाचून मी त्या रात्रीं झोंपलों नव्हतों. मग आदल्या सकाळीं भरताची कथा ऐकून स्वस्थ कां बसलों, याचें उत्तर मजपाशीं नाहीं.

आतां त्या खोलींत काय झालें तें पाहूं. तर्कसंग्रह वाचलेल्यांस स्मरत असेल कीं, धुरावरून अग्नीचें अनुमान करतां येतें, परंतु अग्नीवरून धुराचें करतां येत नाहीं. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा हें त्याचें उदाहरण. धूर हा ओल्या सरपणाच्या योगानें होतो. इतकें शास्त्र आपण पाठ करतों, आणि घरांत मात्र धूर नाहीं त्या अर्थीं अपायही नाहीं, असें अनुमान बेधडक करतों. टाकींतील गॅस हा प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंचें मिश्रण होय. अति थंड प्रदेशांत ब्यूटेनचा वायु होईनासा होतो, कारण शून्य अंशाच्या आसपास तो द्रवरूपच राहूं लागतो. म्हणून तिकडे निव्वळ प्रोपेन वापरतात, जो उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो. भरपूर हवा मिळाली तर दोघांच्या ज्वलनानें कर्बवायु आणि पाण्याची वाफ एवढेंच निपजतें. खिडकीच्या कांचेवर ओघळलें तें हेंच पाणी: एक किलो गॅस जळला कीं दीड किलोहून अधिक पाणी होतें. आंत इतकी वाफ कोंडलेली दिसली म्हणजे बाकीचेंही सारें आंतच कोंडलें आहे असें समजावें.

शिक्षकाची खोड म्हणून एक हिशेब मांडतों. अशा हीटरच्या तिन्ही पट्ट्या चालूं असल्या म्हणजे तासास सुमारे ३०० ग्रॅम गॅस जळतो. एक किलो गॅस पुरता जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवेंतील प्राणवायु खर्चीं पडतो. आठ तासांत २.४ किलो गॅस, म्हणजे २९ घनमीटर हवा. आणि आक्काची खोली अवघी २८ घनमीटरांची! खोली अगदींच हवाबंद नव्हती म्हणून हा हिशेब पुरा झाला नाहीं, एवढेंच. परंतु तो पुरा होण्याची वाटही पाहावी लागत नाहीं. हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. तो थोडा उतरतांच ज्वलन अपुरें होऊं लागतें, आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा दुसराच वायु निघूं लागतो.

या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, तो डोळ्यांस झोंबत नाहीं, त्यानें खोकलाही येत नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यास प्राणवायु चिकटून अंगभर जातो, त्यास हा प्राणवायूहून दोनशें पटींपेक्षां अधिक जोरानें चिकटतो आणि जागा अडवून बसतो. असें रक्तही लालभडकच दिसतें. बोटावरचें यंत्र प्रकाश टाकून रक्ताच्या रंगावरून अनुमान करतें, म्हणून तेंही फसतें. भाच्याच्या त्या ९८ आंकड्याचा अर्थ इतकाच होता. माणूस उघड्या हवेंत आलें तरी अंगांतील हा वायु निम्मा होण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास तेंच काम तास-दीड तासांत होतें. यासाठींच रोगी ओटीवर हुशार दिसूं लागला तरी त्यास दवाखान्यांत न्यावें.

गॅसला वास येतोच कीं, असें कोणी म्हणेल. तो वास मुद्दाम घातलेला असतो. १९३७ सालीं अमेरिकेंत टेक्सास प्रांतांत न्यू लंडन येथील शाळेखालीं बिनवासाचा नैसर्गिक वायु सांचून स्फोट झाला आणि सुमारे तीनशें जीव, बहुतेक मुलें, गेलीं. त्यानंतर गॅसमध्यें उग्र वासाचें द्रव्य मिसळण्याची सक्ती होऊं लागली. तो वास न जळलेल्या गॅसची चहाडी करतो. जळून बिघडलेल्याची चहाडी करणारें नाकांत कांहीं नाहीं.

हें संकट नवें आहे, असेंही नाहीं. एमिल झोला हा प्रख्यात फ्रेंच कादंबरीकार १९०२ सालच्या सप्टेंबरांत पॅरिसमधील आपल्या निजावयाच्या खोलींत याच वायूनें गेला. धुराडें तुंबलेलें होतें. त्याची पत्नी कशीबशी वांचली. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत शेगडी ठेवण्याची चाल होती. कोळसे बाहेर फुलवून, धूर गेल्यावर, रसरशीत निखारे तेवढे आंत आणावयाचे, हा आमच्या आईचा कटाक्ष असे. त्यांत अर्धें शहाणपण होतें. धूर बाहेर राही खरा, पण हा वायु निखाऱ्यांतूनच अधिक निघतो. जुन्या घरांतील कौलांच्या फटींनीं आपल्याला तारलें, आणि त्या फटींस आपण आयुष्यभर नांवें ठेवलीं!

तेव्हां हीटर वापरणारांनीं काय करावें? निजण्यापूर्वीं तास-दोन तास खोली तापवून घ्यावी, आणि निजतांना हीटर विझवून टाकीचा रेग्युलेटरही बंद करावा. झोंपलेल्या माणसाच्या खोलींत तो जळतां कामा नये. याला अपवाद मी मानीत नाहीं. पेटला असेल तोंपर्यंत खिडकी चार बोटें उघडी असावी. ऊब थोडी जाईल, ती जाऊं द्यावी. प्राणवायु कमी होतांच आपोआप विझण्याची योजना कांहीं नव्या हीटरांत असते. ती असलेलाच घ्यावा, परंतु तिच्या भरंवशावर खिडकी लावूं नये. कार्बन मोनॉक्साइड ओळखून ओरडणारें लहानसें यंत्र मिळतें, तें निजावयाच्या खोलींत लावावें. धुराची सूचना देणारें यंत्र निराळें. त्याला हा वायु कळत नाहीं. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली कीं कारागिरास बोलवावें.

टाकी नेहमीं उभीच ठेवावी; आडवी केल्यास वायूऐवजीं द्रवच नळींत येतो. नळीच्या सांध्यांस साबणाचा फेस लावून पाहावें, काडी ओढून कधींही पाहूं नये. गॅसचा वास आला तर विजेचें बटण चालूंही करूं नये आणि बंदही करूं नये. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो, म्हणून दारें उघडून तो बाहेर जाऊं द्यावा, टाकी बंद करावी आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें. गोधड्या, पडदे व पदर तीन फूट दूर असावेत. हीटरवर मुलांचे कपडे वाळत घालण्याचा मोह सुनांस होतो. (सासवांसही होतो, लिहिण्यास त्या सवड देत नाहींत.)

न्हाणीघरांतील गॅसच्या बंबासही हें सर्व लागू आहे, किंबहुना अधिकच. कारण न्हाणीघर आक्काच्या खोलीच्या चौथाईही नसतें. बंब न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेंत बसवावा आणि आंत फक्त नळ आणावा. नरकचतुर्दशीस पहाटे आठ-दहा माणसें ओळीनें अभ्यंगस्नानास जातात, बंब विसावा म्हणून घेत नाहीं, आणि शेवटचा पाळीवाला डोकें धरून बाहेर येतो, तेव्हां उटण्याच्या वासास दोष देऊं नये.

आक्का व नात दोघीही आतां बऱ्या आहेत. मुलीचें डोकें मात्र दोन दिवस जड होतें. भाच्याचें परवांच पत्र आलें. हीटर संध्याकाळीं सात ते नऊ एवढाच पेटतो आणि पुढें गरम पाण्याची पिशवी. खिडकीची फट नात रोज स्वतःच्या चार बोटांनीं मोजते. ती खेळावयास गेली कीं आक्का हळूच एक बोट कमी करी. म्हणून मुलीनें सुताराकडून चौकटींत लांकडाचा ठोकळा बसवून घेतला आहे. "भावाला सांग, तुझें शास्त्र माझ्या गुडघ्यांवर चालतें," असा आक्काचा निरोप पत्राच्या शेवटीं आहे.