भाड्याचे घर आणि आडनावाची अट

२०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका महिलेला, ती मराठी आहे म्हणून, कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली, तेव्हा महाराष्ट्र खवळून उठला. तो संताप रास्तच होता. परंतु याच मुंबईत मुसलमान आणि दलित कुटुंबांना राहती जागा याच रीतीने वर्षानुवर्षे नाकारली जाते, आणि नाकारणाऱ्यांत मराठी घरमालकही असतात. त्याविषयी आम्ही कधी इतके खवळलो काय?

जातीचे नाव कोणी उच्चारीत नाही. दलाल आडनाव विचारतो, मग आहाराची चौकशी होते, आणि दुसऱ्या दिवशी जागा 'गेलेली' असते. १९१७ साली बडोद्यात, संस्थानची नोकरी असूनही, आंबेडकरांना घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यास काठ्या घेतलेली माणसे यावी लागली. आता टेलिफोन पुरतो. प्रा. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दलितांच्या वाट्यास उच्चवर्णीयांहून कितीतरी अधिक नकार आले, मुसलमानांच्या वाट्यास त्याहूनही अधिक.

नकाराची किंमत पैशांतही मोजावी लागते. चार वस्त्यांत दार बंद झालेला माणूस पाचवीत दाटीने राहतो. तेथे गरजू अधिक म्हणून भाडे चढे, आणि सोयी मात्र बेताच्या.

घटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांवरील भेद मोडला. भाड्याचे खाजगी घर त्यात नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने वस्तीत राहण्यास आडकाठी करणे गुन्हा ठरविले, पण केवळ अस्पृश्यतेच्या कारणापुरते. धर्मावरून नकार मिळाल्यास तेवढाही आधार नाही. उलट, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेची केवळ पारशांनाच सभासद करण्याची अट वैध ठरविली. अमेरिकेने व ब्रिटनने घरांच्या व्यवहारातील वर्णभेदास १९६८ सालीच कायद्याने मनाई केली आहे.

'घर आमचे, भाडेकरू आम्ही निवडू', असे मालक म्हणतील. भाडे बुडविणारा त्यांनी खुशाल नाकारावा. जन्मावरून नाकारण्याचा हक्क मालकीतून कसा निघतो, हे आम्हांस उमगत नाही. शिवाय हा व्यवहार निव्वळ खाजगी उरलाच कोठे? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वये भाड्याचा प्रत्येक करार लेखी करून नोंदविणे मालकावर बंधनकारक आहे. त्याच कायद्यात जात, धर्म वा भाषा यांवरून जागा नाकारण्यास दंडाची तरतूद करणारे विधेयक सरकारने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मांडावे.