सोनाराने कान टोचले, पण जिभेचं काय?



या आठवड्याच्या टपालात केज तालुक्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती नववीत आहे. नाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून छापत नाही. शहरात शिकणाऱ्या एका ओळखीच्या ताईनं जिभेत चांदीसारखी छोटीशी दांडी बसवून घेतलीय. ती आपल्या मैत्रिणीला फार आवडली. आता तिलाही तशीच हवी आहे. घरी विचारलं तर ओरडा बसेल, म्हणून गुपचूप करायचा बेत आहे. पण मुलगी हुशार! आधी तयारी काय करायची आणि नंतर निगा कशी राखायची, हे तिनं आपल्याला विचारलं.

विचारलंस ते फार बरं केलंस. उत्तरही सरळच देतो. जीभ आत्ता नको. निदान अठरा पूर्ण होईपर्यंत नको, आणि गुपचूप तर कधीच नको. "मोठ्यांचं नेहमीचंच!" असं म्हणून पान उलटू नकोस हं. का नको ते समजून घ्यायचं तर आधी कानाकडे बघू. कान तर तुमच्यापैकी बहुतेकांचे टोचलेले असतीलच.

आपला जुना अनुभव

आपल्याकडे बाळाचे कान टोचायला घरी सोनार येतो, नाहीतर बाळाला त्याच्या दुकानात नेतात. कुणी बाराव्या दिवशी टोचतात, कुणी काही महिन्यांनी. सोनार सोन्याच्या बारीक तारेचं टोक धारदार करतो, पाळीतून तार आरपार नेतो आणि तिथल्या तिथे वळवून टाकतो. बाळ एकदा किंचाळतं, मग आईला बिलगतं. झालं काम! म्हणूनच आपण म्हणतो, सोनाराने कान टोचले म्हणजे बरे. ज्याचं काम त्यानंच करावं, असा त्याचा अर्थ.

यामागचं ज्ञान फार जुनं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुश्रुतसंहितेत कान टोचण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात काय सांगितलंय पाहा. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की त्याला दाईच्या मांडीवर बसवावं आणि खेळणं दाखवून रमवावं. वैद्यानं कानाची पाळी डाव्या हातानं ओढून धरावी आणि उन्हाचा किरण जिथून आरपार दिसतो, तिथेच सुई सरळ घालावी. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. मग भोकात कापसाची वात ठेवावी आणि दर तीन दिवसांनी थोडी जाड वात घालावी. रक्त फार आलं किंवा फार दुखलं, तर जागा चुकली असं समजावं.

आता सांगा, उन्हाचा किरण कशासाठी? जिथून उजेड आरपार दिसतो, तिथे मांस पातळ असतं आणि मोठी रक्तवाहिनी नसते. म्हणजे सुई घालण्याआधी जागा पारखायची, हे त्या काळच्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं.

याच अध्यायात फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकारही दिले आहेत. जड दागिन्यांनी कानाची भोकं ओघळतात, ही तक्रार काही आजची नाही!

पाळी वेगळी, वरचा कान वेगळा

आता एक प्रयोग करा. कानाची पाळी दोन बोटांत धरून दाबा. मऊ लागते ना? आता कानाचा वरचा भाग दाबा. तो कडक लागतो. त्या कडक भागाला कूर्चा म्हणतात. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला वरच्या आवरणातूनच पोषण मिळतं. म्हणून तिथली जखम सावकाश भरते. तिथे पू झाला तर कूर्चा विरघळून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

बुगडी आणि भिकबाळी कानात वरच्या बाजूला घालतात. त्या घालू नयेत असं नाही, पण तिथे जास्त जपावं लागतं. पाळीची जखम सहा ते आठ आठवड्यांत भरते. नाकपुडीला दोन ते चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात. वरच्या कानाला तीन महिन्यांपासून थेट वर्षभर! नव्या बुगडीचं कौतुक आठ दिवसांत सरतं, जखम मात्र पुढची दिवाळी येईपर्यंत सांभाळावी लागते.

टोचण्याआधीची तयारी

एक: लसींचं कार्ड शोधा. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि आपल्या अंगणात दोन्ही असतात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते. ती राहिली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. गावातल्या आशाताईंना विचारलंत तरी त्या सांगतील.

दोन: सुई किंवा तार नवी हवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं हवं. जत्रेत एकाच सुईनं दहा जणांची नाकं टोचणारा माणूस दिसला, तर तिथून सरळ रेवड्यांच्या दुकानाकडे वळा. हेपटायटिस बी हा काविळीचा विषाणू शरीराबाहेरही निदान सात दिवस तग धरतो. सुई नुसती फडक्याला पुसून तो जात नाही. उकळत्या पाण्यातही काही चिवट जंतू टिकतात. म्हणून दवाखान्यात हत्यारं ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबाच्या भांड्यात १२१ अंश सेल्सिअसला ठेवतात. टोचायचं प्लॅस्टिकचं पिस्तूल त्या भांड्यात घालता येत नाही. शिवाय त्याच्या धक्क्यानं कूर्चेला इजा होते, म्हणून वरच्या कानाला आणि नाकाला ते मुळीच नको.

तीन: धातू चांगला हवा. सोनं त्वचेला सहसा त्रास देत नाही. स्वस्त दागिन्यांत निकेल असतं. त्यानं पुष्कळांना खाज सुटते आणि पाणी येतं.

चार: कुणाला हृदयाच्या झडपेचा विकार, मधुमेह, रक्त न थांबण्याचा आजार असेल, किंवा घरात वण गाठीसारखे वाढत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाच: वेळ बघा. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. निघायच्या आठवड्यात कान टोचू नका. उसाच्या पाचटाची धार, धूळ, डोक्यावरची मोळी यांत नवी तार अडकून पाळी फाटते. निघण्याआधी दोन महिने तरी मोकळे हवेत. तुम्ही मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहणार असाल, तर आजीला किंवा बाईंना जखम दाखवत जा.

टोचल्यानंतरची निगा

हात साबणानं धुतल्याशिवाय कानाला लावायचा नाही. हा पहिला नियम, आणि मोडतोही हाच सगळ्यात जास्त!

पाणी उकळून गार करा. पाव लिटर पाण्यात पाव चमचा मीठ घाला. स्वच्छ कापड त्यात भिजवून दिवसातून दोनदा जखमेवर धरा आणि मऊ झालेली खपली अलगद पुसा. उन्हाळ्यात घरी टँकरचं पाणी येत असेल, तर उकळायला विसरू नका. बस्स, एवढंच पुरे. हळद-तेल, चुना, राख, मशेरी काही लावू नका. हळद गुणाची खरी, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि तेलाला धूळ चिकटते. स्पिरिटही रोज नको, त्यानं नवी त्वचा भरायला वेळ लागतो.

तार फिरवत राहा, नाहीतर चिकटेल, असं पूर्वी सांगत. आता डॉक्टर तसं सांगत नाहीत. फिरवली की आतली नाजूक त्वचा पुन्हा फाटते. सहा आठवडे तार काढायची नाही आणि मैत्रिणीशी डूल बदलायचे नाहीत. विहिरीत, तलावात पोहणं तोवर बंद. उशीचा अभ्रा धुतलेला हवा.

पहिले काही दिवस थोडी लाली, थोडी सूज, पांढुरकं पाणी वाळून येणारी खपली, हे चालायचंच. पण दुखणं रोज वाढत असेल, कान गरम लागत असेल, पिवळा-हिरवा पू येत असेल, ताप आला असेल किंवा वरचा कान सुजला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तार आपल्या हातानं उपसू नका, भोक मिटून पू आत कोंडतो. नाकावरचा पू तर कधीच दाबायचा नाही, कारण तिथल्या शिरा थेट मेंदूजवळच्या शिरांना मिळतात. जबडा आखडू लागला तर एक क्षणही थांबू नका.

आता जीभ

आरशासमोर उभे राहा आणि जीभ वर उचला. खाली दोन निळसर शिरा दिसतात ना? त्यांच्याजवळच, आणखी आत, रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या आहेत. सुश्रुतांची उन्हाची युक्ती इथे चालत नाही, जीभ जाड असते. सुई थोडी चुकली तर भळाभळा रक्त येतं. चुकली नाही तरी तीन ते पाच दिवस जीभ सुजतेच. पाळी सुजली तर डूल टोचतो, जीभ फार सुजली तर श्वास अडतो. हाच या दोन्हींतला फरक आहे.

माणसांनी जिभा कधी टोचल्याच नाहीत, असं नाही. मेक्सिकोतल्या यशचिलान या माया लोकांच्या नगरातला एक कोरीव दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात एक राणी जिभेतून काट्यांची दोरी ओढताना दिसते. प्रसंग आहे इ.स. ७०९ मधला. तमिळ लोकांच्या थैपूसम उत्सवात मुरुगनचे भक्त गालातून आणि जिभेतून छोटा भाला आरपार घालतात. पण ते व्रत असतं. त्याआधी कित्येक दिवस उपास आणि पथ्य असतं, सोबत जाणती माणसं असतात, आणि भाला नंतर काढून टाकतात. दांडी मात्र रात्रंदिवस तोंडातच राहते.

ती राहते म्हणजे काय होतं? बोलताना, जेवताना ती दातांवर आपटते, दातांचे टवके उडतात. खालच्या दातांच्या आतल्या हिरड्या मागे सरकतात, आणि सरकलेली हिरडी आपोआप पुढे येत नाही. अमेरिकेतली दंतवैद्यांची संघटनासुद्धा तोंडात असं काही टोचून घेऊ नका, असंच सांगते. आता मोठ्यानं म्हणून बघा: बाळ, केळं, डोळा. 'ळ' म्हणताना जीभ उलटी वळते. मध्ये लोखंडाची दांडी असती तर?

मोठेपणी, सगळं कळून कुणी जीभ टोचलीच, तर त्यांनाही माहीत असावं. शिकलेल्या माणसाकडूनच टोचून घ्यायचं. सुजेला जागा राहावी म्हणून पहिली दांडी लांब असते. काही आठवड्यांनी त्याच माणसाकडून ती आखूड करून घ्यायची, नाहीतर दातांचं नुकसान वाढतं. बर्फाचे खडे चघळायचे. गार आणि मऊ खायचं: दही-भात, ताक-भाकरीचा काला. ठेचा आणि कडक भाकरी बंद! प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची. ब्रश मऊ हवा. तंबाखू, गुटखा, मशेरीला हात लावायचा नाही. भरायला चार ते आठ आठवडे लागतात. गिळता येईना, आवाज घोगरा झाला, हनुवटीखाली सूज आली, श्वास लागला किंवा रक्त थांबेना, तर लगेच १०८ ला फोन करायचा. आपल्याकडे बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. पण वाडीवरून तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, याचा हिशोब आधी करून बघा.

आई-बाबांसाठी चार ओळी

हे पान तुम्हीही वाचता, म्हणून सांगतो. लेकरानं कुठे चोरून टोचून घेतलंच, तर आधी दिवा लावून जखम बघा. पाणी उकळा, लसीचं कार्ड काढा, दवाखान्यात न्या. रागवायचं ते नंतर रागवा. मार बसेल म्हणून मूल तीन दिवस सूज लपवतं, आणि ते तीन दिवसच घातक ठरतात. मुलगी जीभ टोचायची म्हणाली तर एवढंच म्हणा, "अठराची हो, मग आपण दोघी मिळून डॉक्टरांना विचारू." आणि ते पाळा. नाकात चमकी हवी असेल, तर ती हौस या वर्षीच पुरवायला हरकत नाही. नवी सुई, सोन्याची तार आणि सोबत आई, एवढं मात्र हवं.

केजच्या मैत्रिणी, हा अंक आईच्या हातात दे. हेच पान उघडून दे. कोण विचारत होतं, ते सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

आणि बाकीच्यांनो, या आठवड्याचं काम. आजीला विचारा: तुझे कान कुणी टोचले? कशानं? नंतर काय लावलं? पिकले होते का? आजीचं उत्तर आणि तुमच्या टीडीच्या लसीची तारीख पोस्टकार्डावर लिहून पाठवा. ज्यांना तारीख सापडणार नाही, त्यांनी पोस्टकार्ड नंतर टाका. आधी आरोग्य केंद्रात जाऊन या!